बिऱ्हाडाचं भाडं

बदलीचा हुकूम आला की मला सगळ्यात आधी पाट्या-वरवंट्याची काळजी लागायची. बाकीचं सामान कसंही जातं हो. पण पाटा उचलायला दोन गडी लागतात, आणि दोघंही उचलताना बाईकडं असं बघतात, जणू हिनं मुद्दाम डोंगर फोडून घरात आणून ठेवलाय. आमचे हे म्हणायचे, "पाटा राहू दे इथंच, तिकडं दुसरा बघू." मी म्हणायचे, "मग तुमची दप्तरंही राहू द्या इथंच, तिकडं दुसरी बघा." पाटा यायचा.

हे तलाठी होते. साठचं दशक सरत आलं होतं. आंबवड्याच्या बाजूला आमचं बिऱ्हाड चांगलं बसलं होतं, भोरचा बाजार हाताशी होता, आणि ऐन वैशाखात हुकूम आला: वेल्ह्याच्या पुढं, पासलीच्या वाटेवरच्या एका गावी हजर व्हा. पदरात दोन पोरी, धाकटी तर अजून रांगत होती. मी आधी भांडी आपटली, मग बांधायला घेतली.

सरकारचा नियम तसा चांगला होता. बदली सरकारच्या कामासाठी झाली असेल तर सामान नेण्याचा खर्च सरकार देणार. आधी पदरचे घालायचे, पावत्या घ्यायच्या, बिल करून कचेरीत पाठवायचं, आणि वाट बघायची. हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि त्याची दुसरी बाजूही ठाऊक होती. तलाठ्याचं सामान गावची गाडी फुकट आणायची. गाडीवानाचा अंगठा कागदावर घ्यायचा, आणि सरकारकडून आलेलं भाडं तलाठ्याच्या खिशात. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आमच्या ह्यांच्या मात्र अंगाला काटा यायचा, आणि त्याला कारण होतं.

माझे सासरे शेतकरी. जुन्या राजवटीत साहेब लोक फिरतीवर निघाले की वाटेतल्या गावांतल्या गाड्या वेठीला धरायचे. वेठ म्हणजे फुकटचं राबणं, आणि नाही म्हणायची सोय नाही. एकदा ऐन पेरणीत सासऱ्यांची गाडी धरली. साहेबाच्या पेट्या, खुर्च्या, वर कोंबड्यांचं खुराडं, एवढं सगळं घाटातून चढवताना डावा बैल बसला तो उठलाच नाही. त्या साली शेत तसंच पडून राहिलं आणि घरानं उपास काढले. हे तेव्हा लहान होते. पुढं तलाठी झाले तेव्हा सासऱ्यांनी पेढा खाल्ला नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. एवढंच म्हणाले, "कुनाची गाडी फुकट वापरलीस तर माज्या दारात येऊ नगंस." ते वारले तरी ते वाक्य आमच्या घरात मुक्कामाला होतं.

नसरापूरहून ट्रक केला. ट्रकवाल्यानं वेल्ह्याला सामान उतरवलं, छापील पावती फाडून दिली, आणि गेला. पुढं रस्ता बैलगाडीचा. गावातनं एक म्हातारबा गाडी घेऊन आले होते. डोक्याला मुंडासं, अंगात कोपरी, आणि मिशा अशा की पोरी बघूनच गप्प झाल्या. त्यांनी पाट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एकट्यानं पाटा उचलून गाडीत ठेवला.

"वैनी, आजून कायी दगडधोंडं हाईत का घ्यायचं?"

"आहेत की," मी म्हटलं. "वरवंटा राहिलाय."

म्हातारबा खो-खो हसले. तिथनं गावापर्यंत आमची गट्टी जमली.

गावात पोचलो तर अंगणात बायाबापड्या जमलेल्या. चावडीच्या मागची खोली आम्हाला राहायला होती. मध्ये फक्त कुडाची भिंत. बायांनी खोली आधीच सारवून ठेवली होती, चूल घालून ठेवली होती. सामान उतरलं आणि ह्यांनी खिशातून नोटा काढल्या. एक दहाची, एक पाचाची. दहाची मधोमध फाटलेली. मीच तिला शिताची खळ लावून मागनं कागदाची पट्टी चिकटवली होती.

म्हातारबांनी हात मागं घेतले. "छ्या, छ्या! भाऊसाहेब, गावात बिऱ्हाड येतंय. येनाऱ्या बिऱ्हाडाचं भाडं कुनी घेतं व्हय? आमच्यात चाल न्हाई तशी."

"मग सामान परत गाडीत भरा," हे म्हणाले. आवाज न चढवता, पण असे की म्हातारबांचं हसू गेलं. "मी फुकटच्या गाडीतनं आलेल्या घरात राहत नाही."

शेवटी म्हातारबांनी नोटा घेतल्या, न बघताच कोपरीत कोंबल्या, आणि ह्यांनी पुढं केलेल्या पावतीवर अंगठा उठवून निघून गेले. मी म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी गावातला एकुलता एक हसरा माणूस दुखावला.

थोड्या वेळानं त्यांची कारभारीण आली. पुढं मी तिला मावशी म्हणायला लागले. हातात सूप, सुपात तांदूळ, हळकुंड, खण. "नवीन घरात सवाष्ण मोकळ्या पदरानं बसू न्हाई," म्हणाली आणि माझी ओटी भरली. मी वाकून नमस्कार केला. ती गेल्यावर पदर सोडला तर तांदळात दोन घड्या केलेल्या नोटा. दहाच्या नोटेवर माझी पट्टी.

मी तशीच ह्यांच्यापुढं नेऊन धरल्या. हे पाय ओढत गेले त्यांच्या घरी, नोटा परत द्यायला. मावशीनं दारातच अडवलं. "लेकीची ओटी माघारी आनताय, भाऊसाहेब? आमी काय असं पाप केलं?" हे नोटा तशाच घेऊन परत आले आणि म्हणाले, "मी भाडं दिलं, त्यांनी घेतलं. त्या माउलीनं तुला दिलं ते तुझं. राहू दे." मला ते पटलं. आजही पटतं. बिल कचेरीत गेलं.

मग पाऊस लागला. वेल्ह्याकडचा पाऊस म्हणजे चुलीतलं लाकूडसुद्धा महिनाभर फुसफुसत राहतं. बिलाची आठवण कुणाला होती?

आश्विनात भात पोटरीला आलं, वाटा वाळल्या, आणि कचेरीतले साहेब आले. तालुक्याला नवीनच बदलून आले होते. खोट्या बिलांच्या तक्रारी त्यांच्या कानावर गेल्या होत्या, आणि त्यांनी तलाठ्यांच्या बदलीची सगळी बिलं गावोगाव जाऊन तपासायचं मनावर घेतलं होतं. हे मला म्हणाले, "बरं झालं. एकदा तरी कुणी तपासतंय." इतके निवांत होते हो! चहाला आलं जास्त घाल म्हणाले.

चावडीत गाव जमलं. मी कुडाच्या अलीकडं भाकरी थापत होते. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"ह्या तलाठ्याचं सामान वेल्ह्याहून तुम्ही आणलंत?" साहेबांचा आवाज.

"व्हय जी." म्हातारबा.

"भाडं किती घेतलंत?"

म्हातारबांचा आवाज असा चढला, जणू कुणीतरी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय. "भाडं? म्या? येनाऱ्या बिऱ्हाडाचं? साहेब, हितं बसलेल्या कुनालाबी इचारा. छदाम घेतला न्हाई म्या!"

माझा हात परातीतच थांबला.

"मग ह्या पावतीवर अंगठा कुणाचा?"

"माजाच की. भाऊसाहेब लावा म्हनलं, म्या लावला."

बाई गं! त्यांना वाटत होतं ते ह्यांची आणि गावाची लाज राखतायत. चांगल्या माणसाचं सामान चांगल्या माणसानं आणलं, पैशाचं नाव नको, असं ते छाती पुढं काढून सांगत होते. आणि प्रत्येक शब्दानं ह्यांच्या गळ्याभोवतीचा फास आवळत होता.

ह्यांनी काही लपवलं नाही. भाडं दिलं, ते ओटीतनं परत आलं, परत करायला गेलो, घेतलं नाही, सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पैसे तुमच्या घरातच आहेत. मग खर्च कुठं झाला? खर्च झाला नसेल तर बिल खोटं. आणि भाडं दिलं नसेल तर गाडी वेठीला धरली. ह्यातलं कुठलं कबूल करताय, ते ठरवा. मी पुढच्या आठवड्यात परत येतोय. तोवर लेखी जबाब करा. नोकरी राहते की जाते ते मग बघू."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी जन्मभर असली बिलं पाहिली असणार. पण साऱ्या तालुक्यात खरं बिल असलेला एकच तलाठी, आणि नेमका तोच सापडावा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाकरी तव्यावर करपली, ती तशीच उचलून कुत्र्याला टाकली.

तो आठवडा कसा काढला ते मला विचारू नका. जीव टांगणीला म्हणतात तो तसा. हे जेवायला बसायचे आणि भात चिवडून उठायचे. एक जुने सोबती तलाठी मुद्दाम चालत आले आणि म्हणाले, "बिल मागं घ्या, चुकून गेलं म्हणा. एवढ्याशा पैशापायी कुठं नोकरी घालवता?" मला तो सल्ला बरा वाटला. ते गेल्यावर मी म्हटलं, "घ्या ना मागं."

"मागं घेतलं म्हणजे गाडी फुकट आणली असं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं," हे म्हणाले. "नोकरी गेली तरी चालेल. वेठ घेतली हे मी लिहून देणार नाही."

"चालेल? कुणाला चालेल?" मी ओरडलेच. "पोरींना काय तुमची दप्तरं शिजवून घालू? जा त्या म्हातारबांकडं आणि सांगा, खरं ते बोला म्हणावं. तुम्ही भाडं दिलं होतं ना? त्यांनी हातात घेतलं होतं ना?"

"साक्षीदाराच्या दारात मी जाणार नाही. आणि तूही जायचं नाही."

मी धाकटीला काखेत मारलं आणि गेले.

मावशी दारात वरई पाखडत होती. म्हातारबा अंगणात गाडीच्या आसाला वंगण लावत होते; माझ्याकडं त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. गावात कुजबुज सुरू झाली होतीच की तलाठी म्हातारबांमुळं अडकला, आणि आपलं काय चुकलं हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, आणि रागानं आले होते ती रडायलाच लागले. "तुम्ही लेकीची ओटी भरलीत, आता त्याच ओटीपायी माझ्या नवऱ्याची भाकर चाललीय."

"आगं माजे बाई!" मावशीनं सूप खाली ठेवलं. "वटीत घातलेलं सरकार मोजतंय व्हय?"

"मोजतंय. आणि त्यांना म्हणतंय तुम्ही वेठ घेतली." मग मी सगळंच सांगितलं. सासऱ्यांची गाडी, ते कोंबड्यांचं खुराडं, घाटात बसलेला बैल, आणि ह्यांना घातलेली ती ताकीद. "भाड्याच्या पैशासाठी नाही हो त्यांचा जीव जळत. बापाला ज्यांनी राबवलं त्यांच्यात आपल्याला बसवतायत, म्हणून जळतोय."

म्हातारबांचा वंगणातला हात थांबला. पहिल्यांदाच माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "कंचा बैल बसला? डावा का उजवा?"

"डावा."

"डावाच बसतो," ते म्हणाले. "घाट चढताना डाव्यावर वझं येतं." आणि परत आसाकडं वळले. मी उठून घरी आले. ह्यांना कळलं होतं मी कुठं गेले होते ते. जबाबाचा कागद पुढं ओढून लिहायला बसले.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. पुन्हा गाव जमलं, मागच्यापेक्षा जास्तच. मी ह्या वेळी चूल पेटवलीच नव्हती, कुडाला कान लावून उभी होते. ह्यांचा लेखी जबाब वाचून व्हायच्या आधीच म्हातारबा उठले.

"साहेब, म्या बोलतो. भाडं घेतलं म्या. दहाची येक, पाचाची येक. माज्या हातानं घेतलं, कोपरीत घातलं, आन् अंगठा लावला."

"मग त्या दिवशी छदाम घेतला नाही असं का सांगितलंत?"

"चारचौघांत लाज वाटली जी."

"आणि ते ओटीचं?"

"वटी बायकांची गोष्ट. माजा पैका माज्या म्हातारीनं कुनाला दिला, त्येचा भाड्याशी काय संबंध? साहेब, भाऊसाहेबांनी फुकट गाडी वापरली न्हाई. म्याच बिऱ्हाडाचं भाडं घेतलं. लिवा तसं."

मग मागनं एक जण म्हणाला, "आरारा! बिऱ्हाडाचं भाडं?" आणि दोघं-चौघं हसले. साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, म्हातारबांनी अंगठा दिला. साहेब ह्यांना म्हणाले, "बिल मंजूर करायला हरकत दिसत नाही." एवढ्याशा वाक्यासाठी माझ्या जिवाचं आठवडाभर पाणी-पाणी झालं होतं. मग मी चूल पेटवली.

संध्याकाळी हे म्हातारबांच्या पाया पडायला गेले. त्यांनी पाय मागं घेतले. "खोटं न्हाई बोललो, भाऊसाहेब. घेतलंच हुतं की." बस, एवढंच.

पण गाव कुणाला सोडतं होय? लग्नात नवरीची गाडी म्हणजे म्हातारबांचीच गाडी, झूल घातलेली, सगळ्यांत पुढं, असा वर्षानुवर्षांचा मान. त्या साली तुळशीचं लग्न झालं, पहिली वरात निघाली, आणि पुढं दुसऱ्याचीच गाडी. पुढच्या लग्नालाही तेच. पारावर कुणीतरी विचारायचं, "म्हातारबा, सरपन आनायचंय, काय भाडं घेशीला?" आणि बाकीचे तोंडावर उपरणं घ्यायचे. मी एकदा ऐकलं आणि चांगली खरडपट्टी काढली एकाची, पण त्यानं काय होतं! म्हातारबा आमच्या अंगणात यायचे ते जवळपास बंदच झाले. मावशी येत राहिली. त्या गेलेल्या मानाचं तिनं कधी नाव काढलं नाही.

काही वर्षांनी पुन्हा हुकूम आला, भोरच्या बाजूला. मोठीची शाळा होणार म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. सकाळी म्हातारबा गाडी घेऊन आले. बोलवायला कुणी गेलं नव्हतं. पाटा चढवताना ह्या खेपेला दुसऱ्या गड्याचा हात लागला, आणि दगडधोंड्यांची चेष्टा काही त्यांनी केली नाही.

गाडी पारापाशी आल्यावर त्यांनी बैल थांबवले आणि ह्यांच्यापुढं हात केला. "आदी भाडं टाका, भाऊसाहेब." सगळा पार बघत होता. ह्यांनी नोटा पुढं केल्या. म्हातारबांनी नोटा घेतल्या, सगळ्यांना दिसतील अशा उलगडून मोजल्या, मग स्वतःच कागद मागून अंगठा लावला. नंतर कुणाकडंही न बघता कासरा हातात घेतला.

मावशी तिच्या दारात उभी होती. मी धावत गेले आणि सवयीनं पदर पुढं धरला. तिच्या हातात काही नव्हतं. तिनं माझा पदर दोन्ही हातांनी धरला, नीट घडी घातली, आणि माझ्याच कमरेला खोचून दिला.

"ह्या खेपंला मोकळीच जा, लेकी," ती म्हणाली. "तुज्या मालकाला पुन्यांदा कुनी इचारायला नगं."

वेल्ह्यापर्यंत मी रडत होते. बैलांच्या पाठीकडं बघत म्हातारबा गाडी हाकत राहिले.

ह्या बदलीचं बिल महिनाभरात पास झालं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. हे पैसे घेऊन घरी आले आणि माझ्यापुढं धरले. मी पदरात घेतले नाहीत. म्हटलं, ठेवा तिकडं फळीवर.